पानातून घोटभर

[दृश्य: बेळगावच्या पश्चिमेकडची लाल माती, वरंब्यांवर रताळ्याचे वेल]

जुलैच्या पावसात वेलाचे तुकडे वरंब्यावर खोचले, त्याला आता तीन आठवडे झाले. नेमकी आत्ताच उघडीप पडली आहे. आभाळ भरून येतं, पडत मात्र नाही.

[दृश्य: एक पान, अगदी जवळून]

दुपारी पानं अशी कडेने मिटतात, पहाटे पुन्हा ताठ. बघणारा म्हणेल, चिवट वेल आहे, निभावेल. वेल निभावतोच हो, घोर आहे तो खालचा. लागणीनंतर पहिल्या 4 ते 6 आठवड्यांत कुठलं मूळ फुगायचं ते ठरतं. त्या दिवसांत माती सुकली, की मूळ आतून लाकडासारखं होतं आणि काढणीला हाती नुसत्या दोऱ्या येतात. मग परतीचा पाऊस कितीही पडो, त्या दोऱ्यांची रताळी होत नाहीत.

मातीत पालाश (पोटॅश) असतो, पण तो मुळाशी पोचतो ओलाव्यातूनच. ओल गेली, की ताटातलं ताटातच. म्हणून ही पानाची वाट: मुळाला मिळत नाही ते फवारून पानातून द्यायचं.

[दृश्य: फडक्यातून गाळलं जाणारं तपकिरी पाणी]

हे गांडूळपाणी, गांडूळखतातून झिरपलेलं. जुन्या धोतरातून दोनदा गाळायचं. नाहीतर नोझल तुंबतं आणि अर्धी सकाळ त्यात काडी घालण्यात जाते. 1 लिटरला 10 लिटर पाणी. काहीजण समुद्रशैवालाचा अर्क वापरतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून हे शैवाल वाढवतात.

फवारायचं ऊन चढायच्या आत, नोझल पानाखालून वर धरून. पानाची बरीचशी तोंडं, म्हणजे बारीक छिद्रं, खालच्या अंगाला असतात. भर दुपारी मारलं, तर थेंब आत शिरण्याआधीच वाळतो आणि कडा करपतात.

पण हिशेब सरळ आहे. एकराला पाठीवरचे 10-12 फवारणी पंप, म्हणजे जेमतेम 200 लिटर. त्याच एकरावर 1 सेंटीमीटर पाऊस पडला, तर 40,000 लिटर. फवारणीने तहान भागत नाही, पान तेवढं तग धरतं. आणि हात सैल सोडून गोमूत्राचा मारा केला, तर नत्राने वेल माजतात. रान हिरवंगार, वरंब्यात काही नाही.

[दृश्य: बोटाने उकरलेला वरंबा]

करंगळीएवढं मूळ, गुलाबी. अंगठा दाबून बघतात. नख रुततं.