रीडिंग बरोबर, उत्तर चुकीचं

(विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि रसायनशास्त्राचे शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

फळ्यावर तीन आकडे लिहिले आहेत, ते आधी बघून घ्या. कोनिकल फ्लास्कमध्ये १० मि.लि. ऑक्झॅलिक ॲसिड, त्याची तीव्रता ०.०५ मोलर, म्हणजे लिटरला ०.०५ मोल (मोल हे रेणू मोजायचं माप). ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कॉक असलेल्या आखीव काचेच्या नळीत, पोटॅशियम परमँगनेट. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, आला ९.६ मि.लि. परमँगनेटची मोलॅरिटी, म्हणजे मोलरमधली तीव्रता, किती?

कोणत्याही वर्गात या एका प्रश्नाची तीन उत्तरं हमखास येतात. कोणी ०.०५२ काढतो, कोणी ०.१३०, कोणी ०.०२०८. तिघांनी टायट्रेशन, म्हणजे अभिक्रिया पुरी होईपर्यंत ब्युरेटमधलं द्रावण थेंबाथेंबानं सोडणं, नीट केलंय, फिकट गुलाबी रंग आल्याबरोबर थांबलेत. हात चुकला नाही, कागद चुकला. म्हणून आज प्रॅक्टिकलपेक्षा कागदाबद्दल जास्त बोलायचं आहे. प्रॅक्टिकल येईलच, कारण कागदावरच्या काही चुकांचं मूळ बाटलीत आणि पाण्यात असतं.

०.०५२ कसं आलं? एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान). हे सूत्र पोरांच्या जिभेवर असतं आणि ते खोटं नाही. पण ते सौम्यीकरणाचं सूत्र आहे. १० मि.लि. ॲसिड घेतलं, पाणी घालून १०० मि.लि. केलं, तर आधी जितके मोल होते तितकेच नंतर. पदार्थ एकच, फक्त पाणी वाढलं. टायट्रेशनमध्ये पदार्थ दोन असतात आणि ते एकास एक या प्रमाणातच भिडतील असा काही नियम नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकास एक भिडतात, आणि शिकवायला बहुतेक ठिकाणी तेच पहिलं उदाहरण असतं. तिथे सूत्र जमतं. पोरगं समजतं, टायट्रेशनचं सूत्र हेच. माझ्या मते पहिलं उदाहरण एकास दोनचं द्यावं. ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, म्हणजे घोटाळा पहिल्याच दिवशी समोर येतो.

मग करायचं काय? तीन ओळी लिहायच्या. पहिली ओळ: ज्याची तीव्रताही माहीत आहे आणि आकारमानही, त्याचे मिलिमोल काढा. इथे ते ऑक्झॅलिक ॲसिड. ०.०५ गुणिले १०, म्हणजे ०.५ मिलिमोल. मोलर गुणिले मि.लि. म्हणजे थेट मिलिमोल; हजारानं भागायची गरज नाही. हजारानं भागायला गेलं की एकदा भागतात, दुसऱ्यांदा विसरतात आणि उत्तर हजार पटीनं घसरतं. दुसरी ओळ: समतोल समीकरण काय म्हणतं? दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलेट. म्हणजे ०.५ गुणिले २ भागिले ५, म्हणजे परमँगनेट ०.२ मिलिमोल. तिसरी ओळ: ते ९.६ मि.लि.मध्ये होतं, म्हणून ०.२ भागिले ९.६, उत्तर ०.०२०८ मोलर. ग्रॅम प्रति लिटर हवं असेल तर १५८ नं, परमँगनेटच्या मोलर वस्तुमानानं, गुणा, ३.२९ येईल. झालं.

०.१३० वाल्यानं दुसरी ओळ उलटी लिहिली, दोनच्या जागी पाच आणि पाचच्या जागी दोन. ही चूक आकडेमोड करायच्या आधीच पकडता येते. ॲसिडी माध्यमात एक परमँगनेट आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो, एक ऑक्झॅलेट दोनच देतो. म्हणजे एका परमँगनेटला अडीच ऑक्झॅलेट लागतात. आकारमानं जवळपास सारखी आहेत, १० आणि ९.६. मग परमँगनेटची मोलॅरिटी ऑक्झॅलिकच्या निम्म्याहून कमीच असणार, ०.०२५ च्या खाली. ०.१३० दिसलं की लगेच खोडायचं. हा अंदाज आधी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवावा आणि मग सोडवायला बसावं.

जुन्या मास्तरांचा इथे एक आक्षेप असतो: नॉर्मॅलिटी (मोलॅरिटी गुणिले एका रेणूनं दिलेले-घेतलेले इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन) वापरा, दोन-पाचची भानगडच नको. खरं आहे, नॉर्मॅलिटीत एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू नेहमी जमतं. पण ती भानगड फक्त एक पायरी मागे सरकते. ०.०२ मोलर परमँगनेट ॲसिडी माध्यमात ०.१ नॉर्मल असतं. तेच द्रावण उदासीन माध्यमात वापरलं तर ते मँगनीज डायऑक्साइडपर्यंतच जातं, तीनच इलेक्ट्रॉन घेतं आणि ०.०६ नॉर्मल होतं. बाटली तीच, लेबल मात्र अभिक्रिया बघून बदलायचं. ज्याला हे पक्कं कळलंय त्यानं नॉर्मॅलिटी खुशाल वापरावी. शिकणाऱ्यानं मोल मोजावेत.

आता लॉग. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ०.२ चा लॉग बार १ पूर्णांक ३०१० (बार म्हणजे पूर्णांकाचा भाग तेवढा ऋण). ९.६ चा लॉग ०.९८२३. वजाबाकी करताना दशांशाच्या भागात ०.३०१० मधून ०.९८२३ जात नाही, म्हणून एक हातचा घ्यावा लागतो आणि बार १ चा बार २ होतो. उत्तर बार २ पूर्णांक ३१८७, अँटिलॉग ०.०२०८३. हातचा घेतला पण बार तसाच ठेवला की ०.२०८३ येतं, दहा पटीनं जास्त. आकडे सगळे ओळखीचे दिसतात म्हणून ही चूक डोळ्याला खटकत नाही. समासात लिहिलेलं ‘०.०२५ च्या खाली’ इथे पुन्हा कामाला येतं.

आता बाटल्यांकडे वळू.

धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट डेकाहायड्रेट. ताज्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू, मोलर वस्तुमान २८६. १.४३ ग्रॅम वजन करून १०० मि.लि. द्रावण केलं, म्हणजे ५ मिलिमोल. त्यातलं १० मि.लि. घेतलं तर ०.५ मिलिमोल. मिथिल ऑरेंज हा रंगसूचक टाकून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडनं टायट्रेट केलं, तर एकाला दोन या हिशेबानं १ मिलिमोल ॲसिड लागेल, रीडिंग १० मि.लि. कागदावर असं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात, कोरड्या हवेत आणि पंचेचाळीसच्या आसपासच्या पाऱ्यात, झाकण सैल असलेल्या बाटलीतले स्फटिक पाणी सोडतात. पांढरी भुकटी उरते, ती मोनोहायड्रेट, वस्तुमान १२४. तेच १.४३ ग्रॅम आता ११.५ मिलिमोल भरतात आणि रीडिंग येतं २३.१. पोरगं घाबरतं, ‘सर, काहून एवढं आलं?’ आणि खोडून १० लिहितं. खोडू नये. २३.१ वरून उलटं चला: ॲसिड २.३१ मिलिमोल, कार्बोनेट त्याच्या निम्मं १.१५५, १०० मि.लि.मध्ये ११.५५, आणि १४३० मिलिग्रॅम भागिले ११.५५ म्हणजे साधारण १२४. त्यातून कार्बोनेटचे १०६ वजा केले की १८ उरले, पाण्याचा एक रेणू. परीक्षेत ‘स्फटिकातल्या पाण्याच्या रेणूंची संख्या काढा’ म्हणून येतो तोच हा प्रश्न, इथे बाटलीनं फुकट सोडवून दिला. अर्धवट सुकलेली बाटली असेल तर उत्तर तीन येईल, साडेपाच येईल. तेही खरंच असतं. याच द्रावणात मिथिल ऑरेंजऐवजी फिनॉल्फ्थॅलीन टाकलं, तर रंग निम्म्यावरच जातो, कारण तिथे कार्बोनेटचं फक्त बायकार्बोनेट झालेलं असतं.

सोडियम हायड्रॉक्साइडचं दुखणं उलटं. पावसाळ्यात त्याच्या गोळ्या तराजूवरच ओलावा धरतात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतात. चार ग्रॅम मोजले तरी त्यात चार ग्रॅम हायड्रॉक्साइड नसतं. म्हणून त्याची तीव्रता वजनावरून लिहायची नाही, ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करून काढायची. ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, १०० मि.लि. करायला १.२६ ग्रॅम स्फटिक लागतात. इथे पाण्याचे दोन रेणू धरून १२६ घ्यायचे, ९० नव्हे.

पाणी हा त्याहून मोठा विषय. बऱ्याच शाळांमध्ये डिस्टिल्ड वॉटर संपतं आणि बोअरचं पाणी वापरलं जातं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, असं करणं म्हणजे प्रयोग आधीच बिघडवणं. समजा पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड मारायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. ४०० भागिले ५० (कॅल्शियम कार्बोनेटच्या मोलर वस्तुमानाच्या निम्मे), म्हणजे लिटरला ८ मिलिइक्विव्हॅलंट, ८ मिलिमोल हायड्रोक्लोरिक ॲसिड मारण्याइतकी. अशा पाण्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड बनवलं तर पाण्यातलं बायकार्बोनेटच त्यातलं आठ टक्के ॲसिड खाऊन टाकतं, हातात ०.०९२ उरतं. लेबलावर मात्र ०.१. ऑक्झॅलिक ॲसिड बोअरच्या पाण्यात विरघळवलं तर द्रावण गढूळ होतं. तो कॅल्शियम ऑक्झॅलेट आहे. गढूळ दिसलं की गाळून वापरू नका, टाकून द्या. गाळल्यानं ऑक्झॅलेट अजून कमी होतं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी बहुतेक वेळा चालतं, पण दर नव्या कॅनमधलं थोडं पाणी घेऊन, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकून बघा. एका थेंबात गुलाबी झालं तर ठीक, चार-पाच थेंब लागले तर ते पाणी ॲसिडी आहे.

तेच खारं पाणी प्रयोगाचा विषय म्हणून मात्र झकास; त्याचा कठीणपणा मोजा. ५० मि.लि. नमुना, अमोनियाचं पीएच १० चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगसूचक, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे धातूचे आयन पकडून ठेवणारा पदार्थ. रंग वाइनसारख्या लालवरून निळा होतो. मधे जांभळा येतो, तिथे थांबायचं नाही. रीडिंग २२.५ आलं तर ०.२२५ मिलिमोल, गुणिले १०० (कॅल्शियम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान) म्हणजे २२.५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, तेही ५० मि.लि.मध्ये. लिटरला ४५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. ईडीटीए धातूच्या आयनाशी नेहमी एकास एक भिडतं, त्यामुळे इथे एम वन व्ही वनवाल्यांचंही उत्तर बरोबर येतं. त्यांनी त्यावर खूश होऊ नये.

दुसरा आपला विषय संत्रं. वरुड, मोर्शी, काटोलकडच्या शाळांना त्यासाठी बाजारातही जावं लागणार नाही. रस कापडातून गाळून १० मि.लि. पिपेटनं घ्या, ४० मि.लि. डिस्टिल्ड वॉटर घाला. हे पाणी हिशेबात धरायचं नाही, कारण फ्लास्कमधले मोल पाण्यानं बदलत नाहीत. ते फक्त रसाचा केशरी रंग फिका करायला आहे, नाहीतर गुलाबी दिसतच नाही. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ११.२ मि.लि. लागलं असं धरू. १.१२ मिलिमोल. सायट्रिक ॲसिडला तीन हायड्रोजन, म्हणून भागिले ३, ०.३७३ मिलिमोल. गुणिले त्याचं मोलर वस्तुमान १९२, म्हणजे ७१.७ मिलिग्रॅम, दहा मि.लि.मध्ये. शेकडा ०.७२. तीननं भागायचं विसरलात तर २.१५ येईल, आणि इतकं आंबट संत्रं कोणी दुसऱ्यांदा तोंडात घालणार नाही. काहीजण आधी रसाचं १०० मि.लि. द्रावण करतात आणि त्यातलं १० मि.लि. घेतात. मग रीडिंग १.१ येतं. ब्युरेटवर अर्ध्या रेघेचा फरक म्हणजे ०.०५ मि.लि.; अकरावर तो अर्धा टक्का होतो, एकावर साडेचार टक्के. शिवाय शेवटी दहानं गुणायचं राहून जातं.

हाताच्या चुका थोडक्यात. ब्युरेट वरून खाली वाचतात, म्हणून १४ आणि १५ च्या मधली तिसरी रेघ १४.३, खालून मोजली की १४.७ होते. परमँगनेटमध्ये खालचा वक्र दिसत नाही, वरची कड वाचा, सुरुवातीलाही आणि शेवटीही. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणानं भरायचे त्यानंच खंगाळायचे. फ्लास्क मात्र फक्त पाण्यानं, कारण तो ॲसिडनं खंगाळला तर न मोजलेले मोल आत राहतात. भरून झालं की फनेल काढा. नळीच्या टोकातला बुडबुडा आधी घालवा, तो मधेच सुटला तर रीडिंग उगाच वाढतं. परमँगनेटला ॲसिड म्हणून सौम्य सल्फ्युरिकच; हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडवर परमँगनेट खर्च होतं आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. ऑक्झॅलिक ॲसिड ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. पहिले थेंब हळू विरतात, तयार होणारं मँगनस आयन पुढचं काम वेगानं करतं. त्या पहिल्या थेंबांना घाई केली किंवा सल्फ्युरिक कमी पडलं की तपकिरी गढूळपणा येतो, आणि मग ते टायट्रेशन सोडून नवीन सुरू करायचं. आणि १०.०, १०.०, १०.० अशी तीन रीडिंग वहीत दिसली की तपासणाऱ्याला सगळं कळतं.

एक प्रश्न आला आहे, उन्हाळ्यात उकाड्यानं उत्तर चुकतं का? आपल्याकडची काचेची मापं २७ अंशांना धरून आखलेली असतात. पाणी २७ वरून ४२ अंशांवर गेलं की अर्धा टक्का फुगतं, म्हणजे १० मि.लि.मागे ०.०५ मि.लि., एक थेंब. दोन्ही द्रावणं त्याच खोलीत, तितकीच तापलेली असतील तर दोन्हीकडे सारखंच फुगणं होतं आणि गुणोत्तरात ते कटून जातं. तेव्हा रीडिंग अर्ध्या-एक मि.लि.नं हललं असेल तर ते उन्हाचं काम नाही, ब्युरेटचा कॉक गळतो का ते बघा.