गटारातला गॅस आणि माटुंग्याचं इंजिन

नमस्कार मंडळी. आजचा विषय नाक दाबून ऐकायचा आहे, मुंबईचं सांडपाणी आणि त्यातून हवेत जाणारा गॅस. ताटावर बसला असाल तर जेवण उरकून घ्या, तोवर मी सुरुवात करते.

मैला असो की खरकटं, जिथे हवा पोचत नाही तिथे ते सडलं की मिथेन होतो. बंद गटारात होतो, सेप्टिक टँकमध्ये होतो, खाडीच्या तळातल्या गाळातसुद्धा होतो. परत सांगते, हवा नाही म्हणजे मिथेन. आणि हा मिथेन शंभर वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. माणसामुळे जगात जेवढा मिथेन होतो त्यातला जवळपास पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्याचा आहे. मेनहोलवर काम करणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, झाकण उघडलं की ‘आत गॅस झालाय’ म्हणतात ते, आणि त्या गॅसने, मिथेनने आणि त्याच्यासोबतच्या हायड्रोजन सल्फाइडने, आजही माणसं मरतात. हाताने मैला उपसायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनसुद्धा साधनांशिवाय माणसं आत उतरवतात, त्याची लाज वाटायला हवी आपल्याला, पण ते असो.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती ऐका. वडाळ्याचं अॅक्वर्थ हॉस्पिटल माहितीये ना, कुष्ठरोग्यांचं? १८९० साली सुरू झालं, तेव्हा त्या भागाला माटुंगा म्हणायचे. अॅक्वर्थसाहेब आपले म्युनिसिपल कमिशनर. हा माणूस मला फार आवडतो, कारण शहराची गटारं बघता बघता याने मराठी पोवाडे गोळा केले, शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर छापले, इंग्रजीत भाषांतरं केली. आताच्या कमिशनरला एक पोवाडा म्हणायला सांगा बरं! तर त्या हॉस्पिटलच्या, म्हणजे तेव्हाच्या आश्रमाच्या, मैल्याचं करायचं काय हा प्रश्न. म्युनिसिपालटीत ड्रेनेज इंजिनियर होते चार्ल्स जेम्स. तिकडे इंग्लंडात एक्झिटरला १८९५ च्या सुमारास सेप्टिक टँकच्या गॅसवर दिवे लावून दाखवले होते. आणि इकडे १८९७ मध्ये, म्हणजे मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं, लोक गाठोडी बांधून गावाला पळत होते, त्या दिवसांत माटुंग्याच्या आश्रमात मैल्याच्या टाक्या झाकल्या, वर गॅस धरायची सोय केली आणि त्या गॅसवर चक्क इंजिन चालवलं! कुष्ठरोग्यांच्या मैल्यावर हो. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं, ज्यांच्या सावलीला लोक बिचकायचे, त्यांच्या संडासातून निघालेल्या गॅसवर इंजिन. १८९७. मी हे जिथे जाते तिथे सांगते, घरचे कंटाळलेत.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. पुढे दादरला मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र होतं, तिथेही गाळापासून गॅस व्हायचा. १९३७ च्या सुमारास दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेतले एस. व्ही. देसाई ते बघून गेले आणि त्यांच्या डोक्यात आलं की मैल्याचा होतो तर शेणाचा का नाही होणार. झाला. त्यातून गोबर गॅस आला, नंतर खादी ग्रामोद्योगने तो गावोगाव नेला. म्हणजे तुमच्या मामाच्या परसात जो गोबर गॅस होता ना, त्याचं मूळ दादरच्या गटारात आहे. दादरकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, नाहीतरी वडापावावरून किती दिवस भांडणार.

बरं, वेळ कमी उरलाय. दुसरा गॅस राहिला, नायट्रस ऑक्साइड. दातांचे डॉक्टर हुंगवतात तोच. लघवीतून पाण्यात अमोनिया येतो, प्रक्रिया केंद्रात जीवाणू तो मोडतात, त्या मोडतोडीत हा निसटतो. २७३ पट! मिथेन २८, हा २७३. आणि मेख अशी की हा हवा अजिबात नसताना जास्त होत नाही, हवा अर्धवट दिली की होतो. टाकीतल्या पाण्यात लिटरला दोन मिलीग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन ठेवायचा असतो, तो खालीवर व्हायला लागला की जीवाणूंचं काम अर्ध्यावर अडकतं आणि हा गॅस सुटतो.

आता वरळी आणि वांद्र्याला आपण सांडपाणी पुरतं शुद्ध न करता तीन किलोमीटरहून आत समुद्रात नेऊन सोडतो, मालाडला खाडीत. म्हणून सात नवी केंद्रं बांधायला घेतली, जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं, दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटरची क्षमता. हवीच आहेत ती, प्रक्रिया न करता सोडलं की खाडीच्या गाळात मिथेन होतोच, फक्त तिथे मोजायला कुणी नसतं. पण नव्या केंद्रांत हवा फुंकायला वीज लागणार, भरपूर लागणार, आणि ती वीज कोळशाची असेल तर धूर दुसरीकडे.

तुमच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट, असेल ना, तर एक काम करा. रात्री खाली जाऊन ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा फुंकणारं यंत्र, चालू आहे का बघा. बऱ्याच कमिट्या लाईटबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करतात आणि सकाळी चालू करतात, म्हणजे रात्रभर मिथेन आणि पहाटे नायट्रस, वर तळमजल्यावाल्यांना वास फुकट. सेक्रेटरी म्हणतील काका, मीटर फिरतो. त्यांना सांगा टायमर लावण्यापेक्षा ऑक्सिजन मोजायचा सेन्सर लावा, गरजेपुरती हवा जाईल आणि बिलही उतरेल. पंप ऑपरेटरला विचारलंत तर तो खरं सांगेल, कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारलंत तर चहा येईल.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराबद्दल बोलू. नमस्कार.