डावा आरसा

श्रोतेहो, नमस्कार.

निपाणी सोडून तवंदी घाट चढून गेलात की बेळगावच्या दिशेनं रस्ता जरा मोकळा होतो. चार वर्षांपूर्वी एखाद्या शनिवारी सकाळी तिथं तुम्हाला एक पांढरी गाडी भेटली असेल. उजव्या पट्टीत, डिव्हायडरच्या झाडांना चिकटून, साठच्या वेगानं निवांत चाललेली. डिप्पर मारून तुम्ही थकला असाल, हॉर्न वाजवला असेल, आणि शेवटी वैतागून डावीकडून गाडी काढताना आतल्या बाईकडं एकदा रागानं बघूनही घेतलं असेल.

ती बाई मी.

शेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. लेक बेळगावात टिळकवाडीला खोली घेऊन राहिली होती. दर शनिवारी तिला डबा पोचवायचा आणि येताना कुंदा आणायचा, एवढंच माझं हायवेवरचं काम. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी जो मंत्र दिला तो असा : “उजवीकडं डिव्हायडर धरून ऱ्हा. डावीकडनं काय आडवं येईल सांगता येत नाही. डिव्हायडर काय अंगावर येत नाही.”

ह्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या भागातली डावी पट्टी तुम्ही रोज बघता. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर उसाचा डोंगर, आणि मागं टेललाईट म्हणाल तर नावाला नाही. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. त्यात समोरून उलट्या बाजूनं मोटारसायकल, पाठीमागं चाऱ्याचा भारा. पुढं गावाच्या फाट्यावर थांबलेली कर्नाटकची बस. कुठं रस्त्याचं काम चालू असलं तर त्याचं डायव्हर्जन वेगळंच. अशा पट्टीपेक्षा उजवी बरी, असं नवशिक्याला वाटलं तर त्याला लगेच माजुरडा ठरवू नये.

पण उजवी पट्टी निर्धोक, हा समज मात्र खोटा. ज्या रस्त्याला डिव्हायडरमध्ये कट आहेत तिथं वळणारी गाडी थांबते कुठं? उजव्याच पट्टीत. म्हणजे मागून वेगानं येणाऱ्यांची पट्टी तीच आणि अचानक थबकणाऱ्यांचीही तीच. आणि आपण तिथं ठाण मांडलं की मागचा माणूस डावीकडून घुसतो. आपल्याकडं चालक उजव्या हाताला बसतो, त्यामुळं गाडीची डावी बाजू त्याला सगळ्यात कमी दिसते. आपण नेमकं त्याच बाजूनं लोकांना पळायला लावतो.

आता ट्रकांचं ऐका, कारण ती तक्रार प्रत्येकाची असते. दोन ट्रक शेजारी शेजारी, कुणी कुणाच्या पुढं जात नाही, आणि मागं गाड्यांची रांग. 2015 च्या ऑक्टोबरपासूनच्या मालवाहू गाड्यांना ताशी 80 किलोमीटरवर वेग अडवणारं यंत्र बसवावं लागतं. समजा डावीकडचा 76 नं चाललाय आणि उजवीकडचा 80 नं. फरक चारचा. मिनिटाला जेमतेम 67 मीटर. दोन ट्रकांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरलं तर तेवढंच कापायचं असतं. म्हणजे एक ओव्हरटेक पुरा व्हायला मिनिट लागतं, आणि तेवढ्यात दोघे सव्वा किलोमीटरच्या वर पुढं गेलेले असतात. चढ आला तर विचारूच नका. डावीकडच्यानं पाच सेकंद पाय उचलला तर सगळं सुटेल, पण भरलेल्या गाडीचा एकदा गेलेला वेग परत आणायला किती डिझेल जातं हे त्यालाच ठाऊक.

माझ्याकडं मात्र डिझेलचं कारण नव्हतं. माझं कारण मला एका ट्रकवाल्यानंच दाखवलं. काकतीच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबले होते. मागोमाग एक ट्रक येऊन लागला. हुक्केरीकडचा माणूस, उतरून सरळ माझ्याकडं आला. मला वाटलं आता भांडणार. तो म्हणाला, “अक्का, ती पांढरी गाडी तुमचीच न्हवं? हत्तरगी टोलपासनं मागनं येऊलालो. डावा आरसा मिटलाय बगा तुमचा.”

बघितलं, तर खरंच मिटलेला. आमची गल्ली अरुंद, दूधवाल्याची मोटारसायकल घासू नये म्हणून रात्री आरसा मिटून ठेवायची सवय. सकाळी उघडायचं राहून गेलं असेल, असं मी त्याला म्हणाले. पण चहा पिताना आठवू लागले, तर आधीच्या शनिवारी तरी तो उघडा होता का, हे काही मला आठवेना.

डावा आरसा मिटलेला माणूस डावीकडं परत येणार कसा? उजव्या पट्टीत जाणं सोपं असतं, समोर बघितलं की झालं. परत यायला मात्र मागं बघावं लागतं, आणि ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. लायसनच्या परीक्षेला मी आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेतली. ओव्हरटेक करून डावीकडं कधी यायचं, हे कुणी विचारलं नाही. ते त्या ट्रकवाल्यानं सांगितलं : ज्याला मागं टाकलंस त्याचे दोन्ही हेडलाईट आतल्या आरशात दिसले की इंडिकेटर दे, डाव्या आरशात एकदा बघ आणि ये. एवढंच.

कायद्यातही तेच आहे, डावीकडून चला, उजवीकडून ओव्हरटेक करा. मोडलात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचशे ते हजार रुपये दंड. ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर कायद्यात दहा हजार. बेळगावच्या दवाखान्यांकडं धावणारी ॲम्ब्युलन्स ह्याच रस्त्यानं येते, आणि तिला हवी असते तीच आपली लाडकी पट्टी.

जाता जाता एक गंमत. कानडीत उजव्याला ‘बल’ म्हणतात, आणि ताकदीलाही ‘बल’च. हायवेवर काही जणांचा त्यामुळंच घोटाळा होत असावा.

आत्ता तुम्ही गाडीतच रेडिओ ऐकत असाल तर एकदा डाव्या आरशात बघून घ्या. थांबते मी.

दिसतंय ना मागचं? मग ठीक.

आता मी दर शनिवारी डावीकडून जाते. ट्रॉली लांबून दिसली की उजवीकडं निघते, पुढं जाते, परत येते. बेळगावपर्यंत असं दहा-पंधरा वेळा होतं. परवा हे शेजारी बसले होते. संकेश्वर आलं तसं चुळबुळ सुरू झाली. “उजवीकडंच ऱ्हा की, सारखं काय आत-बाहेर चाललंय?” मी त्यांना थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हटलं, तुम्ही तेवढा डाव्या आरशात बघत बसा.

हत्तरगी टोलपर्यंत ते खरंच बघत होते. टोल ओलांडल्यावर म्हणाले, “ये आता. ट्रक लांब ऱ्हायला.”

नमस्कार.