फार्मसी सोडून मेडिकलला जाऊ का?

(फार्मसीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

व्याख्यान ठरलं तेव्हा तुमच्याकडून प्रश्न लेखी मागवले होते. चिठ्ठ्यांचा तो गठ्ठा काल रात्री वाचून काढला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत प्रश्न एकच आहे, शब्द तेवढे वेगळे. 'मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे, मेडिकलला जायचा विचार करतेय, उशीर झाला का?' 'घरचे म्हणतात हातातलं पूर्ण कर, पण मन लागत नाही.' एका चिठ्ठीवर तर 'जाऊ का?' एवढंच आहे. म्हणून तयार करून आणलेला विषय बाजूला ठेवते आणि यावरच बोलते. हा प्रश्न मी स्वतःला दोनदा विचारला आहे, आणि पहिल्या वेळी माझं उत्तर चुकलं होतं.

मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होते. रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचे दिवस. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या एका रुग्णाला मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक लिहून आलं. वॉरफरिनचं विघटन करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमलाच मेट्रोनिडॅझोल अडवतं, मग वॉरफरिन अंगात साठत जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. वरिष्ठांना विचारून मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझं निम्मं वाक्य ऐकलं, 'लिहायचं काम माझं, द्यायचं तुमचं,' असं म्हणाले आणि फोन ठेवून दिला. वरिष्ठांनी पुन्हा फोन करून त्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी लावून घेतली. पुढे काही वाईट झालं नाही. पण त्या रात्री मी ठरवून टाकलं, आपण डॉक्टरच व्हायचं.

त्याच रागात अभ्यास केला, त्याच रागात अर्ज भरला. मुलाखतीत विचारलं, 'डॉक्टर का व्हायचंय?' मी म्हणाले, 'औषधाचा निर्णय माझ्या हातात हवा म्हणून.' समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'आणि रुग्ण?' मला एक वाक्यही सुचलं नाही. प्रवेश मिळाला नाही.

तुमच्या चिठ्ठ्यांत मला तो राग ओळखू येतो. 'आम्हाला कोणी विचारत नाही', 'सही शेवटी डॉक्टरची'. हा अनुभव खोटा नाही, त्याचं दुखणंही खरं आहे. पण त्यावर आयुष्याची दहा वर्षं लावू नका. अपमानाची धार दोन वर्षांत बोथट होते आणि तुम्ही मात्र अजून शरीररचनेच्या पाठांतरात असता.

डॉक्टर आणि औषधवाला यांच्यातली ही रेघ कधी, कशासाठी आखली गेली ते जरा पाहा. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने आपल्या सिसिलीच्या राज्यात कायदा केला, की वैद्याने औषध बनवणाऱ्याशी धंद्यात भागीदारी करायची नाही आणि स्वतःचं औषधांचं दुकानही ठेवायचं नाही. लिहिणाऱ्याचा खिसा विकण्याशी बांधलेला नसावा, हा त्यामागचा विचार. त्या रेघेने कोणाला खालचं ठरवलं नव्हतं. आणि खालचं म्हणावं तरी कोणाला? अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं ते फ्रीडरिख झेर्ट्युर्नरने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तेव्हा तो विशीतला होता आणि औषधाच्या दुकानात मदतनीस होता. त्याच्या आधी अफूचा एक गोळा जहाल निघायचा, दुसरा मवाळ, आणि वैद्य अंदाजाने मात्रा द्यायचे. शुद्ध द्रव्य हाती आलं तेव्हा कुठे नेमकी मात्रा शक्य झाली.

आता दुसऱ्या वेळचं सांगते. याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे.

शेवटचं वर्ष. वॉर्डमध्ये एक बाई दाखल झाल्या. वय पासष्टच्या आसपास, अंगात ताप, तोंड इतकं आलेलं की पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूपच खाली गेलेल्या. मी आणि माझी एक वर्गमैत्रीण, आमच्याकडे काम होतं औषधांची माहिती घ्यायचं. आम्ही म्हटलं, 'घरून आणलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा.' त्यांनी पिशवी पलंगावर उपडी केली. त्यात मेथोट्रेक्झेटच्या दोन पट्ट्या होत्या, अडीच मिलिग्रॅमच्या दहा-दहा गोळ्यांच्या. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा तीन गोळ्या असं लिहिलेलं. म्हणजे वीस गोळ्या सहा आठवड्यांहून जास्त पुरायला हव्या. दोन्ही पट्ट्या रिकाम्या होत्या, प्रत्येक कप्प्याचा कागद फुटलेला. मैत्रिणीने विचारलं, 'या आणून किती दिवस झाले?' बाई म्हणाल्या, 'सात. शेवटच्या दिवशी दोनच उरल्या होत्या.'

त्यांनी रोज तीन घेतल्या होत्या. मेथोट्रेक्झेट पेशींना फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व वापरू देत नाही, आणि फोलेटशिवाय पेशींची वाढ थांबते. जिथे पेशी सगळ्यात वेगाने तयार होतात, तिथे फटका आधी बसतो: तोंडाचा आतला पापुद्रा आणि हाडांतला मगज. आठवड्याचं औषध रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. ही चूक जगभर इतक्या वेळा घडली आहे, की कोणत्या वारी गोळी घ्यायची तो वारच चिठ्ठीवर लिहा असं आता सांगितलं जातं. आम्ही धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, त्यावरचा उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिड सुरू झालं.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाकडे नीट लक्ष द्या. माझी मैत्रीण केस पेपर घेऊन कोपऱ्यात बसली. बाईंचं वय, वजन आणि क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ घटक) मांडून किडनीची क्षमता काढू लागली. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र, तुम्हाला पाठ असेल. मेथोट्रेक्झेट बाहेर पडतं ते मुख्यतः किडनीवाटे. तिचा प्रश्न होता: सात दिवसांत एवढं कसं साठलं? किडनी आधीपासून मंद होती का? बरोबरची वेदनाशामक गोळी अडथळा करत होती का? आणखी कोणकोणत्या औषधांच्या मात्रा आता बदलाव्या लागतील? तिच्या कपाळावर आठी होती आणि डोळे चमकत होते. तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मी मात्र पलंगापासून हललेच नाही. बाईंच्या बोटांचे सांधे वाकडे झाले होते. मला विचारायचं होतं, हे कधी सुरू झालं? सकाळी हात आखडायचे का? चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलेलं असताना रोज का घेतल्या? त्या म्हणाल्या, 'दुखणं रोजचं आहे, तर औषध आठवड्याने कसं पुरणार? मला वाटलं, लिहिताना चुकलं असेल.' एवढ्यात निवासी डॉक्टर आली, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. पांढऱ्या पेशी इतक्या कमी असताना ताप म्हणजे जंतुसंसर्ग धरूनच चालावं लागतं. रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, निकाल यायला एक-दोन दिवस लागतात आणि तेवढा वेळ हातात नसतो. जंतू कोणता ते माहीत नाही, तो नक्की आहे की नाही हेही माहीत नाही, आणि प्रतिजैविक मात्र तासाभरात सुरू करायचं. तिने बाईंचं पोट तपासलं, छाती ऐकली, क्षणभर थांबली आणि निर्णय घेतला. मला भीती वाटली, आणि तरीही तिच्या जागी उभं राहावंसं वाटलं. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

आम्ही दोघींनी एकच चूक पकडली होती, पण पुढच्याच मिनिटाला दोघींची नजर दोन दिशांना गेली. ती फार्मसीत राहिली. आज ती एका मोठ्या रुग्णालयात प्रतिजैविकांच्या मात्रा ठरवणाऱ्या गटाचं काम पाहते, आणि तिथले डॉक्टर तिला विचारल्याशिवाय व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा डोस पक्का करत नाहीत. मी फार्मसी पूर्ण केली, पुन्हा अर्ज केला आणि मेडिकलला गेले. ती गेली असती तर ते चुकलं असतं, मी राहिले असते तर तेही चुकलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

मेडिकल म्हणजे मान, पगार, पांढरा कोट असं धरून जो जातो, त्याला पहिल्या वर्षाच्या रात्री फार लांब वाटतात. तिथलं खरं काम अपुऱ्या माहितीवर ठरवण्याचं आहे, आणि ठरवून झाल्यावर त्या माणसासमोर पुन्हा जाण्याचं. फार्मासिस्टकडे प्रश्न येतो तेव्हा निदान बहुतेक वेळा झालेलं असतं. हे औषध याच माणसाला, याच मात्रेत योग्य आहे का, हे त्याने पाहायचं. इथे हयगय झाली तर मृत्यू तितकाच खरा असतो. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे चांगलं औषध डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून बाजारात आणलं. ते द्रावक विषारी होतं आणि कोणी तपासून पाहिलं नव्हतं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. पुढच्याच वर्षी औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तिथे झाला.

त्या विषाचा छडा लावणाऱ्या शिकागो विद्यापीठातल्या कामात एक तरुण विद्यार्थिनी होती, फ्रान्सिस ओल्डहॅम केल्सी. १९३८ साली तिने औषधशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १९५० साली, वैद्यकीय पदवी घेतली. तिचा जन्म १९१४ चा, म्हणजे तेव्हा वय किती ते मोजा, आणि 'उशीर झाला का' लिहिणाऱ्यांनी जरूर मोजा. १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत रुजू झाली आणि सुरुवातीलाच तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. कंपनीने तगादा लावला, तिने पुरावा मागणं सोडलं नाही. औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या नसांना इजा होते अशा नोंदी तिच्या वाचनात आल्या आणि तिने विचारलं, मग गर्भाचं काय? तोवर इतर देशांत हे औषध विकलं जात होतं. आयांनी गरोदरपणात ते घेतल्याने जगात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत त्याला तेव्हा विक्रीची परवानगी मिळाली नाही. औषधाचं शरीरात काय होतं, हे तिने आधी शिकलं होतं, आणि ते वाया गेलं नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. फार्मसीची वर्षं उपयोगी पडतात, पण त्यांनी मेडिकलची वर्षं कमी होतील असं धरू नका. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षापासूनच सुरुवात असते. वैद्यकीय शिक्षणाची साधारण चार ते सहा वर्षं, वर विशेष प्रशिक्षणाची तीन ते सात. पहिल्याच वर्षात असाल आणि मन ठाम असेल तर सोडायला हरकत नाही. अर्ध्याहून जास्त झालं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण करा. प्रवेशाच्या तयारीच्या काळात परवाना हाताशी असला तर कमावता येतं, आणि प्रवेश हुकला तर रस्त्यावर येत नाही. कर्ज किती होईल आणि ते कोण फेडणार, हे घरच्यांसमोर कागदावर मांडा. तो कागद मी मांडला नव्हता, त्याचा भार माझ्या भावाने उचलला. ते मला आजही सलतं.

मधल्या वाटाही आहेत. वॉर्डमध्ये राउंडला जाणारा क्लिनिकल फार्मासिस्ट, वॉरफरिनच्या रुग्णांचा दवाखाना चालवणारा फार्मासिस्ट. ब्रिटनमध्ये तर २००६ पासून पात्र फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतात. रुग्णाजवळ राहायचं आहे पण निदानाचा ध्यास नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी या वाटा आधी जवळून पाहाव्यात.

डॉक्टरांबरोबर काही दिवस नुसते उभे राहा. शस्त्रक्रिया बघायला धावू नका, ती बघायला सगळ्यांनाच आवडते. दुपारी तीन वाजता केस पेपर लिहीत बसलेल्या डॉक्टरजवळ बसा. नातेवाईकांना वाईट बातमी सांगायची वेळ येईल तेव्हा परवानगी घेऊन मागे उभे राहा, आणि तिथून निघून जावंसं वाटतंय की थांबावंसं, ते स्वतःशी खरं खरं नोंदवा.

आणि एक वही करा. तीन आठवडे, रोज एक केस. केस वाचल्यावर कोणी न विचारता तुमच्या मनात पहिला जो प्रश्न आला, तोच त्यात लिहा. नंतर बरा वाटलेला नको, पहिला. 'याचा अर्धायुकाल किती', म्हणजे औषध अंगात निम्मं उरायला किती वेळ लागतो, असं असेल तर तसं, 'यांच्या घरी कोण आहे' असेल तर तसं. खाडाखोड करू नका. महिन्याभराने मी इथे पुन्हा येणार आहे. 'जाऊ का?' एवढंच लिहिणाऱ्या व्यक्तीने ती वही घेऊन मला भेटावं. आपण दोघं बसून ती वाचू.