पेनड्राइव्हमधलं लग्न

(दृश्य: डीव्हीडी प्लेअरचा ट्रे आत जातो. टीव्हीवर निळा पडदा.)

लग्नाच्या व्हिडिओची डिस्क आत गेली, फिरली, थांबली. पुन्हा फिरली. आणि पडद्यावर अक्षरं आली, "नो डिस्क".

डिस्क नवीकोरी आहे. याच प्लेअरवर कालपर्यंत भजनं लागत होती. लग्नाचा व्हिडिओसुद्धा पुतण्याच्या लॅपटॉपवर झकास चालतो. मग बिघडलं कुठं? पुतण्यानं मोबाइलमधली फाइल उचलली आणि जशीच्या तशी डिस्कवर टाकली. डिस्कवर फाइल गेली, पण तिची डीव्हीडी काही झाली नाही.

डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा बाजारात आला तो १९९६ साली, जपानमध्ये. त्या काळात ठरलेले नियम आजही प्लेअरच्या आतल्या चिपला पाठ आहेत, आणि त्यापलीकडचं तिला काही कळत नाही. आपला मोबाइल ज्या एच.२६४ पद्धतीनं चित्र दाबून साठवतो, ती पद्धतच मुळी २००३ ची. प्लेअर बिचारा काय करणार!

(दृश्य: गंगाखेडची बाजारपेठ, दुकानाची पाटी.)

गंगाखेड, जिल्हा परभणी. जनाबाईंचं गाव. बाजारपेठेतल्या या स्टुडिओच्या पाटीवर पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाची शूटिंग आणि सगळ्यात खाली "डीव्हीडी रायटिंग" असं रंगवलेलं आहे. पाटी जुनी आहे. दरही जुनाच आहे, आणि त्यावरही गिऱ्हाईक घासाघीस करतं.

"नुसतं कॉपीच तर मारायलाव मामा, एवढे पैसे कामून?"

मामा हसतात. दुकानदाराला सगळा गाव मामाच म्हणतो. उत्तर ते देत नाहीत, खुर्ची पुढं ओढून देतात. "बसा दादा, बघा कसं मारतो कॉपी."

आपणही बसू.

(दृश्य: संगणकाचा पडदा, जवळून.)

मामांचा पहिला प्रश्न पेनड्राइव्हमधून आणलेल्या फाइलबद्दल नसतोच. "घरी टीव्ही कसला हाय? डबा का सपाट?" डबा असेल तर चौकट चारास तीन, सपाट असेल तर सोळास नऊ. इथं चुकलं की नवरदेव एक तर काडीसारखा दिसतो, नाहीतर पसरट. डबा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातो, हे वेगळंच. हे जुनं काम बघा. नावाची पाटी अगदी कडेला लावलेली होती, टीव्हीवर "चि." गायब आणि नुसतं आडनावाचं शेपूट शिल्लक. आता मामा नावं चांगली चार बोटं आत घेतात. मोबाइल उभा धरून काढलेलं असेल, तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. त्यावर कुणाकडंच इलाज नाही. पाहुण्यांनी मोबाइल आडवा धरावा, एवढीच विनंती.

आता चित्र. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चित्रं. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रं काढतो. ३० ची २५ करायची, तर दर सहाव्या चित्राला सुट्टी. स्टेजवर नवरी उभी असते तिथं हे कळतही नाही. कॅमेरा पंगतीवरून सरकत जातो तिथं मात्र बारीक हिसका बसतो. हा बघा.

खरी गंमत पुढं आहे. मांडवात उजेड कमी झाला की मोबाइल आपल्या मनानं चित्रं कमी काढायला लागतो. कधी ३०, कधी २४, कधी त्याहून कमी. अशी फाइल तशीच रूपांतराला लावली, तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि तासाभरानं मंगलाष्टकं पुढं निघून जातात, भटजींचे ओठ मागं राहतात. म्हणून मामा आधी फाइलची चाल एकसारखी करून घेतात आणि मगच पुढचं काम. आवाजही ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर आणावा लागतो, डीव्हीडीवर सहसा तोच असतो.

(दृश्य: दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडे कीर्तन, उजवीकडे वरात.)

ही दोन चित्रं नीट बघा. सगळं कसब इथं आहे.

डावीकडे अखंड हरिनाम सप्ताहातलं कीर्तन आहे. महाराज जवळपास एका जागी उभे, मागं टाळकरी, त्यामागचा पडदा दोन तास तोच. उजवीकडे वरात. डीजेचे लाइट, उडणारे कागद, पन्नास जण एकदम नाचतायत.

डीव्हीडीची चित्र दाबून साठवायची पद्धत म्हणजे एमपेग-२. ती प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण, मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. कीर्तनात बदलतं काय? महाराजांचा हात, मृदंगावरची बोटं. थोडक्यात भागतं. वरातीत दर क्षणाला सगळंच बदलतं. जागा कमी पडली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. हे बघा, करवलीचा चेहरा कसा फुटला.

जागा तर ठरलेली. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, संगणक ती ४.३८ दाखवतो, कारण कंपनी हजारानं मोजते आणि संगणक १०२४ नं. (यावरून भांडायला आलेली गिऱ्हाइकं मामांनी पाहिली आहेत.) दोन तासांचा कार्यक्रम बसवायचा तर आवाजासकट सेकंदाला साधारण ५ मेगाबिट माहितीची जागा वाट्याला येते. तीन तास म्हटलं की साडेतीनच. कीर्तन तेवढ्यात आरामात बसतं. वरात बसत नाही. मग मामा संगणकाला दोन फेऱ्या मारायला लावतात. पहिल्या फेरीत तो नुसतं बघतो, कुठं किती लागेल ते. दुसऱ्या फेरीत वाटप. पंगतीत आधी पानं मोजावीत आणि मग वाढावं, तसं. वेळ दुप्पट जातो. बिलात तो वेळ कुठं दिसत नाही.

(दृश्य: फोल्डर उघडतं.)

एवढं झाल्यावर जे तयार होतं ते हे. "व्हिडिओ टीएस" नावाचं फोल्डर. त्यातल्या व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज, एकेक जास्तीत जास्त एक जीबीची. आयएफओ फाइलींत नकाशा, म्हणजे कुठून सुरू करायचं आणि पुढचं बटण दाबलं की कुठं जायचं. बीयूपी ही त्या नकाशाचीच दुसरी प्रत. पुतण्याच्या डिस्कवर हा नकाशाच नव्हता.

मेन्यू मामा शक्यतो ठेवत नाहीत. डिस्क घातली की थेट सुरू. हळद, लग्न, पंगत, वरात अशा खुणा मात्र घालतात. रिमोटवरचं एकच बटण लक्षात ठेवलं की काम भागतं. आमच्या मते हा या दुकानातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे.

(दृश्य: कोरी डिस्क, रायटर, डिस्कवर मार्करनं नाव.)

डिस्क डॅश आर (डीव्हीडी-आर) जातीची, एकदाच लिहिता येणारी. जुन्या प्लेअरला तीच मानवते, असा मामांचा अनुभव. पाकिटावर लिहिण्याचा वेग १६ एक्स दिलेला असला तरी ते चारवर किंवा आठवर लिहितात. शेवटी फायनलाइज, म्हणजे डिस्कचं लिखाण पूर्ण करून बंद करणं, नाहीतर रायटरमध्ये चालणारी डिस्क घरच्या प्लेअरला दिसत नाही. वर कागदी स्टिकर नाही, तोल जातो. मार्करनं नाव आणि तारीख. आणि मग टेबलाखालच्या, झाकण उघड्या, जुनाट प्लेअरवर चाचणी. "इथं चालली तर कुठंबी चालती."

(दृश्य: घर. आजी टीव्हीसमोर. आधी फक्त मंगलाष्टकांचा आवाज, मग निवेदन.)

लेक आणि जावई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. आजी मागं राहिल्या.

(दृश्य: पुन्हा दुकान. मामा पेनड्राइव्ह परत देतात.)

पेनड्राइव्ह परत देताना मामा प्रत्येकाला एक गोष्ट बजावतात, ती त्यांच्याच शब्दांत: "दादा, डिस्क झाली म्हणून मोबाइलमधलं काढून टाकू नका. ह्या डिस्कवरून मागं जाता येत नाही."

हिशोब साधा आहे. मोबाइलचं फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं. डीव्हीडीवर त्यातल्या पाच ठिपक्यांमागे एकच उरतो. शिवाय लिहिलेल्या डिस्कच्या आत रंगाचा पातळ थर असतो, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात, खिडकीच्या उन्हात पडलेली डिस्क किती टिकेल याची हमी मामा देत नाहीत. म्हणून मूळ फाइल ते स्वतःच्या हार्डडिस्कवरही ठेवतात, गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि तारीख टाकून. डिस्कवर ओरखडा आला तर दुसरी काढून मिळते, कोऱ्या डिस्कच्या किमतीत.