उडी मोठी, पण वजन कुठाय?

नमस्कार श्रोतेहो. रविवारी मारधाडीचा सिनेमा बघून थिएटरातून बाहेर पडताना "काहीही दाखवतात!" हे कानावर आलं नाही, असं पुण्यात होत नाही. तक्रार रास्त आहे. पण मला वाटतं, नायकाची उडी मोठी असते म्हणून ती खटकत नाही, उडीला वजन नसतं म्हणून खटकते.

सदाशिव पेठेतली एखादी चार मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. गच्ची साधारण 12 मीटरवर. तिथून पडलेला माणूस दीड सेकंदात खाली येतो आणि टेकताना त्याचा वेग ताशी 55 किलोमीटर असतो. स्टंट करणारा हवेच्या जाड गादीवर पाठ टेकवून पडतो. गादी दोन मीटर दबली, तरी अंगावर स्वतःच्या वजनाच्या सातपट भार येतो. नायक मात्र सरळ फरशीवर उतरतो. गुडघे वाकवून शरीर अर्धा मीटर खाली गेलं, असं धरलं तरी तो भार पंचवीसपट होतो!

म्हणून उडी वायरवर घेतात. कमरेला हार्नेस, म्हणजे मजबूत पट्ट्यांचा बंध, दोन्ही बाजूंना वायर, नंतर त्या कॉम्प्युटरवर पुसतात. चूक होते ती सुरुवातीला आणि शेवटी. उडी मारणारा माणूस आधी खाली दबतो; वायरनं उचललेला ताठ पायांनीच वर जातो. उतरताना भार वायरवरच राहिला, तर गुडघे वाकत नाहीत, धूळ उडत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते बरोबर कळतं.

गोळी लागून माणूस मागं उडतो, तेही तसंच. 8 ग्रॅमची पिस्तुलाची गोळी सेकंदाला 360 मीटर वेगानं 70 किलोच्या माणसात रुतली, तर त्याला मागं सेकंदाला जेमतेम 4 सेंटिमीटरचा वेग मिळतो. पडद्यावर त्याला वायरनं हिसका देऊन ओढलेलं असतं.

याउलट 2006चा जेम्स बाँडचा सिनेमा 'कसिनो रॉयाल' बघा. गाडी रॅम्पवरून उलटेचना, म्हणून तिला नायट्रोजनच्या दाबाची तोफ बसवली आणि तिनं सात कोलांट्या खाल्ल्या. अतिरेकच, पण पत्रा खराखुरा चेमटतो, म्हणून श्वास अडकतो.

गाडी हवेत उडाली की तिचं नाक बघा. इंजिन पुढं असेल तर ते खाली झुकायलाच हवं. ते सावरायला डिकीत वजनं भरतात. आपटल्यावर सस्पेन्शनचं काही खरं नसतं. पुढच्याच शॉटमध्ये ती सुसाट पळाली, तर समजा, ती दुसरी गाडी आहे.