गाऱ्हाण्याआधी लावलेला कौल

अध्यक्षमहाराज, आणि एवढ्या पावसातही फोंड्याच्या या सभागृहात आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘क्वेबेकचा आयोग आणि गोवा’. वेळ दिलाय पाऊण तास. चिटणीसांनी फोनवर विचारलंच होतं, “भाई, क्वेबेक खंय आनी फोंडें खंय? लोक येतील ना?” आलात, त्याबद्दल आभार. मी मात्र सुरुवात कॅनडातून करणार नाही. आमच्या आजीपासून करतो, कारण हा विषय डोक्यात शिरला तो तिच्यामुळे.

१६ जानेवारी १९६७. सोमवार होता. मी नऊ वर्षांचा. वडील पेडणे महालातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. आमच्या ओसरीवर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो होता. तो अजून आहे. जनमत कौलाच्या मतपत्रिकेवर दोन चित्रं होती हे इथल्या थोरांना आठवत असेल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. दिवस उजाडायच्या आत आजीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, पेज घेतली आणि शेजारणींबरोबर चालत केंद्रावर गेली. दुपारी परतली तेव्हा बोटाला शाई आणि ओच्यात वाटेवरची जास्वंदीची फुलं आणि तुळशीची पानं. देवघरात ती ओतते आहे तोच वडिलांनी दारातून विचारलं, “आई, फुलावरच ना?” आजीनं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, “देवाक हांव फूलय घालतां आनी पानय घालतां. म्हाका एकच कित्याक विचारतात?”

वडील गप्प झाले. तिनं कशावर शिक्का मारला ते आम्हाला कधीच कळलं नाही.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आमच्या घरातही या वाक्यावर वर्षानुवर्षं हसणं झालं. पण वय वाढलं तसं मला जाणवलं की आजीला पुष्कळ सांगायचं होतं. मुलाची मास्तरकी टिकावी. देवळात कीर्तन मराठीतून व्हावं. स्वयंपाकघरातली भाषा कुणी अडाणी म्हणून हिणवू नये. ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवरल्या घरात राहायची, तर त्या घराखालची जमीन कुणी हिसकावू नये. यातल्या दोन गोष्टी फुलाकडे जात होत्या, दोन पानांकडे. हातात शिक्का एक.

आता तुमच्या-माझ्या देवळात कौल कसा लावतात ते आठवा. भट किंवा गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पण त्याआधी काय होतं? गाऱ्हाणं! देवासमोर उभं राहून, कोण, कुठला, कुळ कुठलं, अडचण काय, सगळं मोठ्यानं सांगितलं जातं. गुरव मध्ये तोडत नाही. गाऱ्हाणं न घालता पाकळी लावलेली मी एकाही देवळात पाहिलेली नाही. १९६७ साली आपल्याकडून कौल घेतला गेला, आणि गाऱ्हाणं कुणीच घातलं नाही. आज मला सांगायचं आहे ते हेच.

आकडे तुम्हाला पाठ असतील. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०, संघप्रदेशाच्या बाजूनं १,७२,१९१. फरक ३४,०२१. मी मास्तरांचा मुलगा आहे, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती हेही मला आठवतं. पण तो निकाल मी मनापासून स्वीकारलेला आहे. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं तेव्हा मी पणजीत रस्त्यावर होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझं दुःख वेगळं आहे. एक लाख अडतीस हजार माणसांनी फूल का निवडलं आणि एक लाख बहात्तर हजारांनी पानं का निवडली, हे त्यांच्या शब्दांत टिपून घेणारी सरकारी व्यवस्था नव्हती. उरल्या त्या पुढाऱ्यांच्या घोषणा आणि वर्तमानपत्रांतले अग्रलेख.

असं ऐकून घ्यायची पद्धत या देशाला ठाऊक नव्हती, असंही नाही. १९५३ ला नेमलेला राज्य पुनर्रचना आयोग घ्या. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू, के. एम. पणिक्कर. दीड लाखाहून जास्त कागदपत्रं आली, १०४ ठिकाणी फिरले, नऊ हजारांवर माणसांशी बोलले. आपण तेव्हा पोर्तुगिजांच्या मुठीत, त्यामुळे त्या यादीत गोवा नाही. मग १९६६ चा ऑक्टोबर. बेळगावच्या सीमाप्रश्नासाठी न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल महाराष्ट्रानं फेटाळला आणि ती जखम अजून ओली आहे, पण निदान तिथल्या माणसांना आयोगापुढे उभं राहता आलं. डोंगर ओलांडला की आपण. आपल्यासाठी त्याच डिसेंबरात संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला, भाऊसाहेबांचं सरकार पायउतार झालं, राष्ट्रपती राजवट आली आणि जानेवारीच्या मध्यात मतदान. सहा आठवड्यांत सगळं.

एक अनुभव सांगतो, थोडा लांबेल. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या जमीनवापराच्या आराखड्यावर जनसुनावणी होती. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. आमच्या वाड्यावरच्या चौदा घरांनी बसून चार पानांचं निवेदन लिहिलं. झर कुठे आहे, त्याचं पाणी कुठल्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जातं, कुठल्या महिन्यात आटतं, डोंगर कापला तर पाट कुठे तुटेल, सगळं. एका काकींनी आपल्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं, की एका वर्षी पाऊसच लागला नाही तरी तो झर मे महिन्यात वाहत होता. तेही लिहिलं. सुनावणीत माणशी दोन मिनिटं मिळाली. प्रतीवर शिक्का मारून घेतला, जांभळा, अजून माझ्याजवळ आहे. पुढे वर्षभरानं मी त्या नोंदींचा गोषवारा मागवला. आमच्या चौदा घरांसमोरच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘हरकत’. झर नाही, कुळागर नाही, काकींची सासू नाही. मी त्या कार्यालयाच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो. मला आजीच आठवली.

हे मनात खदखदत असतानाच मुलीकडे माँट्रियलला जाणं झालं. तिथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर एक वाक्य असतं, ‘ज म सूव्हिएँ’, म्हणजे मला आठवतं. काय आठवतं, हे विचारत विचारत मी ग्रंथालयात पोचलो आणि तिथे मला हा आयोग भेटला.

चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटं? बरं. मग मुद्द्याचं भरभर सांगतो.

क्वेबेक हा कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत. १९८० ला तिथे सार्वभौमत्वावर पहिलं सार्वमत झालं, जवळजवळ साठ टक्क्यांनी नको म्हटलं. १९८२ ला कॅनडाची राज्यघटना ब्रिटिश संसदेच्या ताब्यातून देशात आणली गेली ती क्वेबेकच्या संमतीविना. समजूत काढायला १९८७ मध्ये मीच लेक करार झाला. आपल्याला राज्य मिळालं त्याच सुमारास. त्यात क्वेबेकला ‘वेगळा समाज’ म्हणून मान्यता होती. सगळ्या प्रांतांनी तो तीन वर्षांत मंजूर करायचा होता. मुदत संपत आली तेव्हा मॅनिटोबाच्या विधानसभेत एलिजा हार्पर नावाचा आदिवासी आमदार गरुडाचं पीस हातात धरून बसला आणि दरवेळी नाही म्हणत राहिला. कारण आदिवासींना कुणी विचारलंच नव्हतं. न्यूफाउंडलंडनंही मतदान घेतलं नाही. २३ जून १९९० ला करार मेला.

तेव्हा क्वेबेकच्या विधानसभेनं कायदा करून प्रांताच्या राजकीय आणि घटनात्मक भवितव्यासाठी आयोग नेमला. मिशेल बेलांजे आणि झाँ काँपो हे दोन अध्यक्ष, दोघेही बँक आणि गुंतवणुकीच्या क्षेत्रातले. सदस्य छत्तीस. मुख्यमंत्री रोबेर बुरासा आत, विरोधी पक्षनेते झाक पारिझो आत, कामगार संघटना आत, उद्योजक आत. आपल्याकडे भाऊसाहेब आणि विलीनीकरणाच्या विरोधातले नेते डॉ. जॅक सिक्वेरा एकाच आयोगात शेजारी बसलेत अशी कल्पना करून पाहा. सहाशेवर निवेदनं आली. वेगवेगळ्या शहरांत सुनावण्या झाल्या. फ्रेंचमध्ये अशा निवेदनाला शब्द आहे ‘मेमुआर’. आठवणीलाही तोच शब्द. इथे पोर्तुगीज शिकलेले असतील त्यांना मेमोरिया आठवेल.

२७ मार्च १९९१ ला अहवाल आला. पुढच्या वर्षी जून किंवा ऑक्टोबरमध्ये सार्वभौमत्वावर सार्वमत घ्या, असं त्यात होतं. तसं झालं नाही. त्या ऑक्टोबरात मत घेतलं गेलं ते केंद्राच्या नव्या करारावर, आणि तोही पडला. सार्वभौमत्वाचं मत १९९५ ला झालं. नको म्हणणारे ५०.५८ टक्के, हवं म्हणणारे ४९.४२, फरक चोपन्न हजारांचा, मतदान त्र्याण्णव टक्क्यांवर. म्हणून तिथेही म्हणणारे आहेत की आयोग वाया गेला. मला हे पटत नाही, मुळीच पटत नाही. एवढ्या निसटत्या निकालानंतरही ती माणसं एकमेकांच्या शेजारी राहिली, त्याचं थोडं तरी श्रेय त्या सहाशे कागदांना आहे असं मी मानतो. हरलेल्याचं म्हणणं नोंदलेलं होतं.

चार मिनिटं. आता गोवा. संविधानात आपल्यासाठी अनुच्छेद ३७१झ आहे. त्यात आहे काय? विधानसभेत किमान तीस सदस्य असावेत. संपलं. नागालँडला ३७१क, मिझोरामला ३७१छ, तिथे जमिनीची मालकी आणि हस्तांतरण यांना संरक्षण आहे. आपण विशेष दर्जा मागतो, भाषणांत मागतो. नेमकं काय मागायचं, हे कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या, गावकाराला, भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला, कुळागरवाल्याला, बाहेरून येऊन इथे तीस वर्षं राबलेल्या गवंड्याला बसवून विचारलं कुणी? १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आणि मराठीचाही वापर, यावरून आपण आजही भांडतो. दोन्ही बाजूंनी लिहून देऊ द्या. मला आयोग हवा आहे विधानसभेच्या कायद्यानं, सत्ताधारी आणि विरोधक दोघेही आत, प्रत्येक तालुक्यात सुनावणी, वेळेचं बंधन नाही, आणि प्रत्येक निवेदन जसंच्या तसं छापायचं. शिफारशी काय येतील त्याची मला घाई नाही.

सरकार हे करेल तेव्हा करेल. १९६७ मध्ये मत द्यायला एकवीस पूर्ण लागायची, म्हणजे त्या दिवशी शिक्का मारलेलं माणूस आज ऐंशीच्या घरात किंवा त्याच्या पुढे आहे. तेवढी वाट पाहायला त्यांना वेळ नाही. म्हणून दाराशी टेबलावर कोरे कागद ठेवलेत. फूल की पानं ते लिहू नका, का ते लिहा. मराठीत, कोंकणीत, रोमी लिपीत, जसं येईल तसं. घरी म्हातारी माणसं असतील तर कागद घेऊन जा आणि पुढच्या रविवारपर्यंत ग्रंथालयात आणून द्या. आजीचं जेवढं मला कळलं तेवढं मी परवा लिहून काढलं, गठ्ठ्यात सगळ्यात वर तेच आहे. ज्यांचा हात लिहायला चालत नाही त्यांच्यासाठी टेबलाशी अकरावीच्या दोन मुली बसल्या आहेत. तुम्ही सांगा, त्या लिहून घेतील.